मधल्या स्टॉपवर उतरायचं नाही

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंना मुलं पाठीमागे 'डिंक' म्हणतात. बाईंना हे माहीत आहे आणि मनातून त्या त्यावर खूशही आहेत. एकदा फळ्यावर कुणीतरी डिंकाची बाटली काढून तिला चष्मा घातला होता. बाईंनी चित्र लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, खडू उचलला, बाटलीच्या खांद्याला आपली फुगलेली पर्स लटकवली आणि म्हणाल्या, "आता जमलं. पुसा."

नाव पडलं ते उगीच नाही. आमच्या शाळेत पोरं गळतात. कुणाला काका गॅरेजमध्ये बोलावून घेतो, कुणाच्या घरी धाकटं भावंड जन्माला येतं, कुणी गणितात आपटतं आणि लाजेनं परत तोंड दाखवत नाही. शाळेत यायला दार एकच, जायला मात्र छप्पन्न. बाई एकदा एखाद्या पोराला चिकटल्या की त्याला त्या छप्पन्नातलं एकही दार सापडत नाही.

पण चिकटायचं कुणाला, हे बाई ठरवतात कसं? तिथेच त्यांचं डोकं आमच्या डोक्याच्या उलटं चालतं. आम्ही बाकीचे मास्तर दंगेखोरांच्या मागे धावतो. बाई म्हणतात, "काच फोडणाऱ्याची काळजी करू नका हो. त्याला शाळा अजून आपली वाटते. परक्याच्या घरात कोण इतका धुडगूस घालतं? ज्याला जायचं असतं ना, ते पोर भांडायचं थांबतं. भाड्याचं घर सोडायचं ठरलं की आपण गळक्या नळाची कटकट करतो का? गळेना का मेला."

त्यामुळे एखादं कार्टं अचानक सुधारलं की आम्ही हुश्श करतो आणि बाई त्याच्या घरचा पत्ता शोधायला लागतात.

आता 'तक्रार'बद्दल सांगतो. तक्रार म्हणजे दहावीतली एक मुलगी. तिला पाळण्यातच काहीतरी खटकलं असावं आणि तेव्हापासून तिनं सांगायला सुरुवात केली असावी. वर्गातला पंखा खडखडतो, ही तक्रार. पंखा दुरुस्त झाला, तर आता आवाज नसल्यामुळे झोप येते, ही तक्रार. भिंतीवरचा नकाशा जरा तिरका टांगलेला, तर म्हणे, "सर, समुद्र सांडेल." गणिताचे सर वैतागून एकदा म्हणाले, "फळ्यावरच्या त्रिकोणाबद्दल तरी तुझी काही हरकत नाही ना?" तर म्हणाली, "आहे सर. तुम्ही दोन बाजू सारख्या म्हणताय, त्या सारख्या दिसत नाहीत." पट्टी लावली. नव्हत्या. आमचे हेडसर स्वभावानं भित्रे. त्यांना दोन गोष्टींची धास्ती, एक तपासणीची आणि दुसरी तक्रारीची. ती समोरून येताना दिसली की ते सूचनाफलक वाचत उभे राहायचे. तो त्यांनीच लिहिलेला असायचा.

आणि एक दिवस ही मुलगी गप्प झाली.

शिक्षकांच्या खोलीत आनंदीआनंद. गणिताचे सर म्हणाले, "वय वाढलं की अक्कल येते." हेडसर म्हणाले, "शाळेच्या वातावरणाचा परिणाम." फक्त बाईंचा चहा कपात तसाच राहिला.

"तिनं खिडकीची जागा शेजारणीला दिली," बाई मला म्हणाल्या. "कंपासपेटीही देऊन टाकली. म्हणाली, मला नको."

"चांगलंच आहे की. उदार झाली."

"डोंबलाचं उदार! आज मी मुद्दाम वर्गातला नकाशा उलटा टांगला. जगबुडी झाली होती भिंतीवर. तिनं वर पाहिलं, मान खाली घातली आणि लिहायला लागली." बाईंनी पर्स खांद्याला अडकवली. "गेली ही पोरगी. चला माझ्याबरोबर."

सायकलच्या दुकानावर दोन खोल्या. दाराला आतून वरची कडी, तीही मुलांचा हात पोचू नये इतक्या उंचावर. घरात तर लहान मूल नव्हतं. दाराशेजारी खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. जुना, पण इस्त्री केलेला गणवेशाचा कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, खिशात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. आम्हाला बघताच त्यांनी चिमटा खुर्चीच्या दांडीवर वाजवला. टक टक.

"आत सरका, आत सरका. दारात उभं राहू नका. मागे जागा आहे."

बाई मुकाट्यानं आत सरकल्या. इतक्या वर्षांत बाईंना कुणी आज्ञा केलेली आणि ती त्यांनी पाळलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

तक्रारीची आई पावाच्या कारखान्यातून नुकतीच आली होती, कोपरापर्यंत पीठ. बाईंना बघून तिनं पदरानं खुर्ची पुसली. "बाई, तुम्ही का आलात ते कळलं मला. पण आधी माझं ऐका."

"ऐकायलाच आलेय. तुम्ही दमलाय, बसा. चहाचा डबा कुठला?"

चहा बाईंनी ठेवला आणि आई बोलत राहिली. तिचा नवरा ट्रकवर. निम्मा महिना रस्त्यावर आणि उरलेला झोपेत. म्हातारे म्हणजे सासरे, जन्मभर बसमध्ये कंडक्टर. आता आठवण हातावर तुरी देऊन पळते, पण ड्यूटी काही विसरत नाही. सकाळ झाली की कोट घालून निघतात. इतके दिवस शेजारची मावशी लक्ष ठेवायची. ती लेकीकडे राहायला गेली.

"परवा भलत्याच गावच्या बसमध्ये चढले," आई म्हणाली. "आणि तिथल्या कंडक्टरला काय म्हणाले असतील? तू सुट्टीवर जा!"

आम्ही हसलो. तीही हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "रात्र झाली तरी पत्ता नव्हता, बाई. घरात कुणीतरी बसायलाच हवं. मी बसले तर खायचं काय? हिला लिहिता-वाचता येतंय. परीक्षा काय, देईल पुढे बाहेरून."

"बाहेरून म्हणजे कुठून हो?" बाई म्हणाल्या. "हे 'बाहेर' मी इतकी वर्षं शोधतेय. तिथे वर्ग कुठे भरतो?"

तेवढ्यात आतल्या दारातून मुलगी म्हणाली, "आईला काही बोलू नका बाई. मीच म्हटलं, मी घरी बसते. माझी काही तक्रार नाही."

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. इतकं भयंकर वाक्य त्या मुलीच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

बाई चिकटल्या. चहा झाला, पुन्हा चहा झाला, शेवटी आई शब्द द्यायला तयार होईना आणि बाईंनाही पुढचं सुचेना. नाइलाजानं आम्ही उठलो. तर म्हाताऱ्यांनी हात आडवा घातला.

"तिकीट कुठवरचं आहे?"

"घरापर्यंतचं," बाई म्हणाल्या.

"मग मधल्या स्टॉपवर कुठं उतरता? बसा."

बसलो. बसल्या बसल्या बाईंनी सहज विचारलं, "आजोबा, आम्ही आल्यापासून तुम्ही एकदाही उठला नाहीत. ड्यूटीवर जायचं नाही का?"

म्हातारे बाईंकडे असं बघायला लागले, जणू ही बाई शिकलेली वाटते पण दिसतं तसं नसतं. "गाडी भरलेली असताना कंडक्टर खाली उतरतो का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्यामागचे डोळे असे चमकले, की मला हेडसरांची दया आली.

दुसऱ्या दिवशी हेडसर म्हणाले, "बाई, ही शाळा आहे."

"म्हणून तर इथे आले. पोस्टात गेले असते, तर त्यांनी शिक्का मारून आजोबांना परत पाठवलं असतं."

"अहो, पण वर्गात म्हातारा माणूस? नियमात कुठे बसतं हे?"

"दाराशेजारी बसतं, सर. मी खुर्चीसुद्धा ठेवली आहे. वर्गात पालक येतात की आपल्याकडे वर्षातून एकदा. हे रोज येतील, एवढाच फरक."

"आणि गोंधळ झाला तर?"

"तर मी तुमच्या खोलीत येऊन बसेन, तुम्ही सांगाल तितके तास."

हेडसरांनी ताबडतोब परवानगी दिली.

आईनंही 'बघू, जमतंय का' म्हणत मान्य केलं. आजोबा यायच्या आधी बाईंनी वर्गाला सरळ सांगितलं, "हिचे आजोबा आजपासून आपल्यात बसणार. जन्मभर त्यांनी माणसं सुखरूप पोचवली. आता डोकं थोडं दगा देतं, त्यांना आपला वर्ग बस वाटेल. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ता हसून घ्या. घंटा झाली की बंद." पोरं हसली नाहीत. पोरांना सरळ सांगितलं की ती आपल्यापेक्षा बरी वागतात.

हस्तकलेच्या बाईंनी दारावर एक घंटी टांगून तिला दोरी बांधली. आजोबा आले, खुर्चीत बसले, बाक निरखले, सगळे चेहरे डोळ्यांत भरून घेतले आणि दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. गाडी सुटली. शेवटची घंटा होईपर्यंत माणूस जागचा हलला नाही.

गाडीचे नियम हळूहळू वर्गाला लागू झाले. खिडकीबाहेर हात नाही. दारात घोळका नाही. भूमितीचं प्रमेय फार लांबलं आणि मुलं पेंगायला लागली की आजोबा गणिताच्या सरांना म्हणायचे, "ड्रायव्हरसाहेब, चढ आहे. जरा हळू घ्या. पॅसेंजर दमलेत." सर चिडायचे, पण हळू घ्यायचे. आणि प्रमेय कळायचं!

पण खरा नियम वेगळाच होता. आजोबांना नावं आठवत नसत, जागा आठवत. एखादी जागा रिकामी असली की दोरीला हात लावायचे नाहीत. "एक पॅसेंजर राहिलाय. थांबा." मग सगळा वर्ग खोळंबणार. चार दिवसांत पोरं एकमेकांना घरून उचलून आणायला लागली. "अरे, ऊठ ना, तुझ्यामुळे गाडी सुटत नाही!" हजेरी अशी भरली की हेडसर आनंदानं घाबरले.

फक्त तक्रार गप्पच. यायची, आजोबांना बसवायची, मान खाली घालून लिहायची. नकाशा अजून उलटाच होता. बाईंनी कुणाला हात लावू दिला नव्हता. मला म्हणायच्या, "ती आलीय कुठे अजून? तिचा एक पाय दाराबाहेरच आहे. आईनं एकदा 'घरी बस' म्हटलं की संपलं."

आणि घोडं पेंड खायला नेमकी वेळ साधतं. बाईंची अक्कलदाढ ठणकायला लागली म्हणून त्या एका सकाळी दात काढायला गेल्या. त्या दिवशी मागच्या बाकावरची जागा रिकामी होती. तिथे सगळ्यांत उंच मुलगी बसायची, तिला वर्ग 'जिराफ' म्हणायचा. आजारी आहे म्हणे, असं पोरं काही दिवस सांगत होती, आणि रोज बाई आजोबांची समजूत घालून दोरी ओढवून घ्यायच्या. आज बाई नव्हत्या. पहिला तास गणिताचा.

"एक पॅसेंजर राहिलाय," आजोबा म्हणाले.

सर म्हणाले, "येईल हो मागच्या गाडीनं," आणि स्वतः पुढे होऊन टिंग टिंग करून टाकलं.

आता ज्यानं कधी बसनं प्रवास केलाय, त्याला मी काय सांगू? कंडक्टरची दोरी दुसऱ्यानं ओढायची! तीही पॅसेंजर खाली असताना! सर फळ्याकडे वळले. परत वळून बघतात तो खुर्ची रिकामी.

मग एकच धावपळ. शिपाई डेपोकडे, खेळाचे सर दुसरीकडे, पोरं गल्ल्यांत. पावाच्या कारखान्यात निरोप गेला. तक्रारीची आई तशीच, पीठ भरल्या हातांनी हेडसरांच्या खोलीत आली.

"सर, माझंच चुकलं. मुलीचा दाखला द्या. ती घरी बसेल. संपला विषय."

त्याच वेळी बाई आल्या. गाल टोमॅटोसारखा, तोंडात कापूस. जी बाई बोलून बोलून दगडाला हो म्हणायला लावायची, तिच्या तोंडून फक्त "अं… गं…" एवढंच. बाई गप्प बसाव्यात म्हणून हेडसरांनी इतकी वर्षं मनातल्या मनात प्रार्थना केली असेल. ती फळाला आली आणि त्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी दाखल्यांच्या कपाटाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाई कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"चल गं," आई मुलीला म्हणाली. "दप्तर घे."

मुलगी उभी होती. तिच्या नाकपुड्या थरथरल्या.

"माझी तक्रार आहे," ती म्हणाली.

हेडसरांनी चटकन खुर्ची मागे सरकवली.

"सरांनी दोरी का ओढली? आजोबा सांगत होते ना, एक जण राहिलाय! आणि जिराफ आजारी नाही. ती तिच्या मावशीच्या लाँड्रीत इस्त्री करतेय, मी काचेतून पाहिलंय. तिला विचारायला कुणी गेलं? हेडसर, तुम्ही मला बघून सूचनाफलक वाचता, हे सगळ्या शाळेला माहीत आहे. आणि आई, तुझ्याबद्दल तर मोठी तक्रार आहे. मी म्हटलं घरी बसते, आणि तू लगेच बरं म्हणालीस! एकदा तरी नको म्हणायचंस! आणि बाई, तो नकाशा! इतके दिवस जग उलटं लटकतंय, सगळा समुद्र आमच्या डोक्यावर, आणि एका माणसाला दिसत नाही? मला नकोय दाखला. आत्ता आजोबांना शोधायचं, आणि उद्या मी त्यांना घेऊन परत येणार. परवापण. तेरवापण!"

बाई कपाटाला टेकून रडत होत्या आणि कापसातून हसत होत्या. दाताच्या कळेमुळे डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. कुणीही विश्वास ठेवला नाही.

आई खुर्चीत बसली. "अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"तू दमलेली असतेस," मुलगी म्हणाली.

आईनं तिला पिठाच्या हातांनीच जवळ ओढलं. तेवढ्यात फाटकाशी पोरांनी ओरडा केला. बघतो तर आजोबा दिमाखात येतायत, हातात जिराफचा हात, आणि जिराफच्या दुसऱ्या हातात न वाळलेली चादर, ठेवायचीच राहिलेली.

"ही मधल्या स्टॉपवर उतरली होती," आजोबा म्हणाले. "लाँड्रीच्या पडद्याच्या वर डोकं दिसलं म्हणून सापडली. चढवून आणली."

जिराफ त्यांच्या पाठीमागून खुणा करून सांगत होती, की मीच आणलंय त्यांना. त्या दोघांत खरं कोण कुणाला घेऊन आलं, यावर आमच्या शाळेत अजून दोन तट आहेत.

"बाबा, किती घाबरवलंत हो!" आई पुढे धावली.

आजोबांनी खिशातून चिमटा काढला. टक टक. "तिकीट?"

"आहे बाबा."

"कुठवरचं?"

आईनं लेकीकडे पाहिलं. पिठाच्या हातानं डोळे पुसले, त्यामुळे नाकावर पांढरा पट्टा उमटला.

"दहावीपर्यंतचं," ती म्हणाली. "दोघींचंही. हिचं आणि त्या उंच पोरीचं. मधे कुणालाही उतरू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी बाई सुजलेल्या गालानं जिराफच्या मावशीच्या लाँड्रीत जाऊन बसल्या. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसत्याच बसल्या. मावशीनं संध्याकाळपर्यंत दम काढला आणि मग हात जोडले. इस्त्री सुट्टीच्या दिवशी, शाळा रोज, असं ठरलं. मौन हे हत्यार इतकं जालीम आहे हे बाईंना त्या दिवशी कळलं. सुदैवानं त्यांना ते पुन्हा वापरता आलेलं नाही. नकाशा सरळ झाला. गणिताच्या सरांना दोरीपासून चार हात लांब राहण्याची शिक्षा झाली, ती त्यांनी हसत भोगली. आणि तक्रारीच्या तोंडाचं कुलूप जे निघालं, ते निघालंच. रोज नवी कुरकुर. बाई डोळे मिटून ऐकायच्या, एखादं गाणं ऐकावं तसं.

पुढे निकाल लागला, पोरगी चांगल्या गुणांनी पास झाली आणि इतिहासात गुण कमी पडले म्हणून तिनं फेरतपासणीचा अर्जही केला, हे ओघानं आलंच. पण माझ्या डोळ्यांसमोर आहे ती परीक्षेची पहिली सकाळ.

परीक्षा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत होती, म्हणून हेडसरांनी चक्क डेपोतून बस मागवली होती. खरीखुरी बस, खरी दोरी, तरुण कंडक्टर. आजोबा पायरीपाशी गेले, त्या पोराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तू सुट्टीवर जा."

पोरानं एकदा तो जुना कोट पाहिला, चिमटा पाहिला. टाच जुळवून सलाम ठोकला आणि दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं.

मुलं चढली. "आत सरका, मागे जागा आहे." जिराफ मान वाकवून चढली. तक्रारीची आई फाटकाशी उभी होती, कारखान्यातून तासाभराची सुट्टी काढून. हेडसर उगीचच रुमालानं बसची काच पुसत होते. आजोबांनी पुढून मागेपर्यंत एकेक चेहरा पाहिला, मग मागून पुढे, पुन्हा एकेक.

"कुणी राहिलंय का?"

बाई शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. इतक्या वर्षांत परीक्षेच्या सकाळी या प्रश्नाला त्यांच्याकडे नेहमीच एखादं तरी नाव असायचं. त्यांनी बसभर नजर फिरवली.

"नाही आजोबा," बाई म्हणाल्या. "कुणीही नाही."

"माझी खिडकी उघडत नाहीये!" मागून तक्रार ओरडली.

सगळी बस हसली. आजोबांनी दोरी दोनदा ओढली आणि गाडी सुटली.